मोहरबंद बाटलीचा इतिहास

नांदेड किंवा लातूर येथील एखाद्या सधन घराच्या काचेच्या कपाटांत स्कॉच व्हिस्कीची बाटली उभी दिसली, तर आज कोणास नवल वाटत नाहीं. परदेशीं नोकरीस असलेला मुलगा सुटीस येतांना ती घेऊन येतो, एखादा स्नेही ती भेट म्हणून देतो, आणि पुष्कळदां ती तशीच मोहरबंद राहते. पाहुण्यास ती दाखविली जाते, तिच्यावरील वर्षांचा आंकडा वाचला जातो, आणि पुन्हां ती कपाटांत जाते. पिण्याची वस्तु न पितां जपून ठेवावयाची, हा प्रकार वरकरणीं चमत्कारिक खरा. परंतु ज्या वस्तूची किंमत तिच्या उपयोगापेक्षां तिच्यावरील मोहरेनें अधिक ठरते, ती वस्तु माणसें जपून ठेवूं लागतात, असा व्यवहाराचा अनुभव आहे. ही मोहोर कोणी घातली, कशासाठीं घातली, आणि गोदावरी-मांजरेच्या खोऱ्यांतील माणसास तिच्यापायीं काय मोजावें लागलें, ह्याचा इतिहास बाटलीच्या आंतील पेयापेक्षां अधिक बोधप्रद आहे.

ह्या पेयाची पहिली लेखी नोंद स्कॉटलंडच्या राजाच्या हिशेबी दप्तरांत सांपडते. सन १४९४ च्या त्या नोंदींत जॉन कोर नांवाच्या एका मठवासी साधूस ‘जीवनजल’ तयार करण्यासाठीं आठ बोल माल्ट, म्हणजे मोड आणून वाळविलेला जव, दिल्याचा उल्लेख आहे. ‘बोल’ हें तिकडील धान्य मोजण्याचें जुनें माप. दप्तराची भाषा लॅटिन. परंतु ‘जीवनजल’ ह्या अर्थाचा जो शब्द डोंगराळ भागांतील गेलिक बोलींत रूढ होता, त्याचाच इंग्रजीच्या तोंडीं ‘व्हिस्की’ असा अपभ्रंश झाला. मठांतील औषधी अर्क म्हणून ज्याचा आरंभ, तें पेय पुढें शेतकऱ्याच्या घरोघरीं होऊं लागलें. हिंवाळ्यांत उरलेल्या जवाचें दुसरें करावयाचें काय, असा तो सरळ हिशेब होता.

जेथें घरोघरीं एखादी वस्तु होते, तेथें सरकारची दृष्टि फार दिवस दूर राहत नाहीं. सन १६४४ मध्यें स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें ह्या पेयावर प्रथम कर बसविला. तेव्हांपासून जवळजवळ पावणेदोनशें वर्षें कराचे अंमलदार आणि डोंगरांतील चोरट्या भट्ट्या यांची लपाछपी चालली. अखेर १८२३ च्या कायद्यानें कर उतरविला, परवान्याची फी माफक केली, आणि चोरीपेक्षां सचोटी परवडेल अशी सोय करून दिली. पुढच्याच वर्षीं ग्लेनलिव्हेट येथील जॉर्ज स्मिथ ह्यानें परवाना घेतला. शेजारच्या चोरट्या भट्टीवाल्यांस ही फितुरी वाटली. त्यांच्या धमक्यांमुळें तो गृहस्थ बरेच दिवस कमरेस दोन पिस्तुलें लावून हिंडत असे. आज ज्या नांवास प्रतिष्ठा आहे, त्याच्या पायाशीं अशी ही पिस्तुलें आहेत.

ह्यानंतर दोन गोष्टी अशा घडल्या कीं, त्यांनीं ह्या डोंगरी पेयास जगाच्या बाजारांत नेऊन बसविलें. पहिली यंत्राची. १८३० सालीं ईनियस कॉफी ह्या आयरिश गृहस्थानें अखंड चालणाऱ्या भट्टीचें पेटंट घेतलें. तीमुळें इतर धान्यांपासून हलका अर्क पुष्कळ प्रमाणांत व स्वस्तांत निघूं लागला. १८६० च्या कायद्यानें धान्याचा हा हलका अर्क आणि जवाचा उग्र अर्क सरकारी कुलुपांतील कोठारांतच, कर भरण्यापूर्वीं, एकत्र करण्यास मुभा मिळाली. आणि वर्षानुवर्षें एकाच चवीची राहणारी मिश्र व्हिस्की निर्माण झाली. दुसरी गोष्ट दैवाची. १८६० नंतरच्या दशकांत फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांवर फिलॉक्सेरा नांवाच्या किडीची धाड आली, वेली मुळापासून वाळल्या, आणि ब्रँडीचा पुरवठा आटला. इंग्लंडांतील व इंग्रजी साम्राज्यांतील सधन माणसाच्या पेल्यांत जी पोकळी पडली, ती स्कॉच व्हिस्कीनें भरून काढली.

तिसरी गोष्ट काळाची आहे, आणि संग्राहकाच्या दृष्टीनें तीच सर्वांत महत्त्वाची. पहिल्या महायुद्धाच्या काळांत, १९१५ सालीं, ब्रिटिश पार्लमेंटानें कायदा केला कीं दोन वर्षें पिंपांत मुरल्यावांचून व्हिस्की विकूं नये. लगेच पुढच्या वर्षीं ही मुदत तीन वर्षांची झाली. आजहि स्कॉच म्हणावयाचें तर ती स्कॉटलंडांतच ओकच्या लाकडी पिंपांत निदान तीन वर्षें राहिलेली असावी लागते. पिंपांतून दरसाल सुमारें शेंकडा दोन भाग उडून जातो. तिकडील कारागीर त्यास ‘देवदूतांचा वाटा’ म्हणतात. म्हणजे अठरा वर्षांची व्हिस्की महाग असते ती केवळ हौसेमुळें नव्हे. अठरा वर्षें अडकलेलें भांडवल आणि हवेंत गेलेला माल यांची ती किंमत असते. परंतु एकदां काचेंत भरली कीं व्हिस्कीचें वय तेथेंच थांबतें. बारा वर्षांची बाटली घरांत वीस वर्षें ठेवली, तरी ती बारा वर्षांचीच राहते. आपल्याकडे पुष्कळांची समजूत ह्याच्या उलट असते, आणि त्या समजुतीवर विकणाऱ्याचा नफा चालतो.

दख्खनच्या ह्या भागांत विलायती मद्य प्रथम छावण्यांच्या मार्गानें आलें. निजामाच्या मुलखांत इंग्रजी अधिकाऱ्यांच्या हाताखालीं असलेल्या हैदराबाद कंटिंजंट ह्या फौजेचीं ठाणीं औरंगाबाद, मोमिनाबाद म्हणजे आजचें अंबाजोगाई, आणि नांदेडच्या वायव्येस असलेलें हिंगोली येथें होतीं. १९०३ सालीं ही फौज हिंदुस्थानच्या लष्करांत विलीन झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत हिंदुस्थानांतील इंग्रज अधिकाऱ्याचें नित्याचें पेय ब्रँडी-पाणी हें होतें. शतक संपतां संपतां त्याची जागा व्हिस्की-सोड्यानें घेतली. फ्रान्सच्या वेलींवर पडलेल्या किडीचा परिणाम असा दक्षिण हिंदुस्थानांतील छावण्यांपर्यंत पोंचला.

छावणीबाहेरच्या माणसाकडे ही बाटली येण्याचा मार्ग मात्र लांबचा होता. मुंबईहून नांदेडास एखादी पेटी यावयाची, तर ती प्रथम मोठ्या रेल्वेनें मनमाडास येई व तेथें गोदावरी खोऱ्याच्या मीटरगेजवर चढे. हा रस्ता विसाव्या शतकाच्या आरंभीं खुला झाला. लातुराची वाट त्याहून अडचणीची. कुर्डुवाडीस उतरून बार्शी लाइट रेल्वेच्या अडीच फुटी रुळांवर माल चढवावयाचा, बार्शी गांव सोडलें कीं इंग्रजी हद्द सोडून निजामी हद्दींत शिरावयाचें, आणि मग लातूर गांठावयाचें. ही छोटी गाडी लातुरापर्यंत पोंचली १९११ मध्यें. हद्द ओलांडतांना करोडगिरीचा नाका, म्हणजे संस्थानचा जकातीचा नाका, लागे. शिवाय नाणें निराळें. इंग्रजी ‘कलदार’ शंभर रुपये म्हणजे निजामी ‘हाली’ सुमारें एकशें सोळा रुपये. अशा रीतीनें मुंबईच्या गोदींत उतरलेल्या वस्तूवर पुन्हां एक हद्द, एक जकात आणि एक बट्टा चढे. ज्या वस्तूस इतक्या मोहरा लागतात, ती पिण्यापेक्षां मिरविण्याची होते यांत नवल नाहीं.

ह्याच मुलखांत त्याच वेळीं दुसरें एक मद्य होतें, त्यास कोणत्याहि हद्दीची गरज नव्हती. किनवट-माहूरच्या जंगलांत चैत्राच्या सुमारास मोहाचीं फुलें पहांटे झाडाखालीं पडतात. गोंड, कोलाम, आंध ह्या लोकांच्या घरीं तीं वेचून वाळविलीं जात. त्यांचें अन्न होई, त्यांची दारू होई, आणि ती प्रथम देवास दाखवून मग पंगतीस येई. किनवट तालुका त्या काळीं आदिलाबाद जिल्ह्यांत मोडे. १९५६ च्या पुनर्रचनेंत तो नांदेडास जोडला गेला. सपाटीवर शिंदीचीं झाडें होतीं. तिचा रस काढणें हा अनेकांचा वंशपरंपरागत धंदा होता.

हैदराबाद संस्थानानें ह्या दोन्हींस आबकारीच्या चौकटींत घातलें. फसली सन १३१६ चा, म्हणजे इसवी सन १९०६-०७ चा, हैदराबाद आबकारी कायदा हा ह्या चौकटीचा पाया. दारू गाळण्याचा व विकण्याचा हक्क सरकारचा. तो हक्क हराजांत गुत्तेदारानें घ्यावयाचा. आणि गुत्तेदारानें आपली रक्कम व नफा गांवोगांवच्या गिऱ्हाइकांकडून काढावयाचा, अशी ही पद्धति. ‘गुत्ता’ आणि ‘गुत्तेदार’ हे शब्द मराठवाड्याच्या बोलींत आजहि जिवंत आहेत. सरकारी बांधकामाच्या मक्तेदारासहि तेथें गुत्तेदारच म्हणतात. ह्या पद्धतीमुळें एक विपरीत गोष्ट झाली. ज्यानें आपल्या अंगणांतील फुलांची दारू आपल्या देवासाठीं गाळली तो गुन्हेगार ठरला, आणि ज्यानें सहा हजार मैलांवरून आलेली बाटली जकात भरून घरांत ठेवली तो प्रतिष्ठित ठरला. दोघांच्या नशेंत फरक नव्हता; फरक होता तो मोहरेचा. स्कॉटलंडच्या डोंगरांत १८२३ पूर्वीं जें घडत होतें, तेंच येथें घडलें. मात्र तेथें कायद्यानें चोरट्या भट्टीवाल्यास परवाना देऊन कारखानदार केलें. येथें किनवटच्या गोंडास तशी संधि कोणीं दिली नाहीं.

आबकारी हा संस्थानच्या उत्पन्नाचा एक मोठा खांब होता, आणि म्हणूनच मुक्तिसंग्रामांत त्याच्यावर घाव पडला. १९४७-४८ मध्यें स्वामी रामानंद तीर्थ यांच्या नेतृत्वाखालीं हैदराबाद स्टेट काँग्रेसनें जो लढा दिला, त्यांत मराठवाड्याच्या गांवोगांवीं शिंदीचीं झाडें तोडण्याचा कार्यक्रम झाला आणि सरहद्दीवरील करोडगिरीच्या नाक्यांवर हल्ले झाले. झाडावर कुऱ्हाड पडली ती झाडाच्या द्वेषानें नव्हे. त्या झाडांतून निजामाच्या खजिन्यांत जाणारी धार बंद करावयाची होती. व्यसनाविरुद्धचा गांधीवादी विचार आणि राजसत्तेविरुद्धचें राजकारण हीं दोन्ही एकाच कुऱ्हाडीस लागलीं. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संस्थान मुक्त झालें. करोडगिरीचे नाके पुढें १९५५ सालीं कायमचे उठले, आणि बार्शीहून लातुरास येणाऱ्या पेटीची हद्द संपली.

परंतु एक हद्द गेली तों दुसरी उभी राहिली. मुंबई राज्यानें १९४९ सालीं दारूबंदीचा कायदा केला व १९५० च्या एप्रिलपासून संपूर्ण दारूबंदी अमलांत आणली. फ्रामजी बलसारा ह्या मुंबईच्या गृहस्थांनीं ह्या कायद्यास आव्हान दिलें. १९५१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें औषधी व प्रसाधनाच्या मद्यार्कयुक्त द्रव्यांविषयींचीं कांहीं कलमें रद्द ठरविलीं, पण कायद्याचा गाभा कायम ठेवला. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यास जोडला गेला, आणि १९५९ च्या विस्तार-दुरुस्ती कायद्यानें ही दारूबंदी नांदेड व तत्कालीन उस्मानाबाद ह्या जिल्ह्यांत आली. लातूर तेव्हां उस्मानाबाद जिल्ह्यांतील तालुका होता. त्याचा स्वतंत्र जिल्हा १९८२ सालीं झाला. मद्य जवळ बाळगावयाचें, तर आतां परवाना हवा होता. आणि प्रकृतीस मद्य आवश्यक आहे असा वैद्यकीय दाखला मिळविण्याची ऐपत व ओळख ज्यास होती, त्यासच तो सुलभ होता. खेड्यांतील माणसास हातभट्टी उरली. तिच्यांत काय मिसळलें आहे हें विकणाऱ्यासहि नेहमीं ठाऊक नसे, आणि त्या अज्ञानाची किंमत अनेक घरांनीं माणसें गमावून दिली.

दारूबंदीच्या ह्याच वर्षांत मोहरबंद बाटली ही खरी संग्रहाची वस्तु झाली. १९६१ पर्यंत गोवा पोर्तुगीजांकडे होतें. तेथें विलायती मद्य उघड मिळे, आणि चोरट्या वाटांनीं मुंबईकडे येई. बंदीनें मद्याची इच्छा मेली नाहीं. तिच्या बाटलीस मात्र दुर्मिळतेचें तेज चढलें. बाटली फोडली कीं पुन्हां मिळण्याची शाश्वती नाहीं, म्हणून ती न फोडणें ही एक सवय झाली. आजहि जुन्या घरांतून बाटली जपण्याची जी वृत्ति दिसते, तिचें एक मूळ ह्या टंचाईच्या काळांत आहे. पुढें महाराष्ट्रानें हळूहळू निर्बंध सैल केले. १९७३ मध्यें देशी दारूचे नियम झाले, आणि राज्यानें पुन्हां आबकारीच्या उत्पन्नाची वाट धरली. तथापि १९४९ चा कायदा रद्द झाला नाहीं. त्याचें नांव आज महाराष्ट्र दारूबंदी कायदा असें आहे, आणि परवान्याची कल्पना त्यांत अद्याप कायम आहे.

परदेशी मालावरील प्रमाणाचे निर्बंध हिंदुस्थानानें १ एप्रिल २००१ रोजीं उठविले. तेव्हांपासून स्कॉचच्या मार्गांतील अडथळा बंदीचा न राहतां जकातीचा झाला. २००७ पासून मूळ जकात शेंकडा १५० होती. त्यावर राज्याचें उत्पादन शुल्क निराळें. महाराष्ट्रानें नोव्हेंबर २०२१ मध्यें परदेशांतून येणाऱ्या स्कॉचवरील उत्पादन शुल्क निर्मितिमूल्याच्या शेंकडा ३०० वरून १५० वर आणलें. कारण व्यवहारी होतें: दर फार चढला म्हणजे माल शेजारच्या राज्यांतून वा चोरट्या मार्गानें येतो, आणि खजिना रिता राहतो. १८२३ सालीं लंडनच्या पार्लमेंटास जें उमगलें होतें, तेंच मुंबईस दोनशें वर्षांनीं उमगलें. २४ जुलै २०२५ रोजीं भारत व ब्रिटन यांच्यांत जो व्यापारी करार झाला, त्यांत ही १५० टक्क्यांची जकात प्रथम ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणण्याचें ठरलें. २०२२ सालीं भारतानें सुमारें २१ कोटी ९० लक्ष बाटल्यांइतकी स्कॉच घेतली आणि संख्येच्या हिशेबानें फ्रान्सला मागें टाकलें. ह्यांतील बराच माल पिंपांतून येतो व येथेंच बाटल्यांत भरला जातो किंवा देशी मद्यांत मिसळला जातो. देशांत ‘व्हिस्की’ म्हणून जें खपतें, त्याचा मोठा भाग उसाच्या मळीच्या अर्कापासून होतो, आणि युरोपच्या नियमांनुसार तें व्हिस्की ह्या नांवास पात्र ठरत नाहीं.

आतां संग्रहाकडे वळूं. जगांत बाटल्या जमविणारे पुष्कळ आहेत. ब्राझील देशांतील क्लाइव्ह व्हिडिझ ह्या गृहस्थांनीं सुमारें पस्तीस वर्षांत ३,३८४ बाटल्या गोळा केल्या. तो संग्रह २००९ पासून एडिंबरो येथें प्रेक्षकांस पहावयास मिळतो. १९२६ सालीं गाळलेल्या आणि साठ वर्षें पिंपांत राहिलेल्या मॅकॅलनच्या चाळीस बाटल्यांपैकीं एक, नोव्हेंबर २०२३ मध्यें लंडनच्या लिलांवांत एकवीस लक्ष पौंडांहून अधिक किंमतीस गेली. असा भाव आला कीं खोटा माल पाठोपाठ येतोच. २०१७ सालीं स्वित्झर्लंडांतील एका हॉटेलांत १८७८ ची म्हणून जी व्हिस्की एका पाहुण्यानें सुमारें दहा हजार फ्रँक देऊन घोटभर घेतली, ती ऑक्सफर्डच्या शास्त्रज्ञांनीं तपासली तेव्हां १९७० ते १९७२ च्या दरम्यान गाळलेली मिश्र व्हिस्की निघाली. १९५० नंतरच्या अणुस्फोटांनीं हवेंतील किरणोत्सर्गी कार्बनाचें प्रमाण वाढविलें. तो कार्बन जवाच्या दाण्यांत शिरतो, व तेथून मद्यांत उतरतो. त्यामुळें धान्य कोणत्या काळांतील हें सांगतां येतें. २०१८ सालीं स्कॉटलंडांतील एका प्रयोगशाळेनें ह्याच रीतीनें ५५ दुर्मिळ बाटल्या तपासल्या. त्यांपैकीं २१ खोट्या निघाल्या. लेबल खोटें बोलूं शकतें. जवाच्या दाण्यास तें साधत नाहीं.

जाणता संग्राहक म्हणून आधीं बाटली पाहतो, मग आंकडा. मानेंतील पातळी खालीं गेली असेल, तर बूच झिरपलें किंवा फुटलें. झाकण काळाशीं जुळतें काय, हें तो पाहतो. टीचर्सनें लांकडी माथ्याचें, हातानें निघणारें बूच १९१३ सालीं आणलें, आणि व्हाइट हॉर्सनें फिरकीचें धातूचें झाकण १९२६ सालीं. तेव्हां त्यापूर्वींच्या म्हणविणाऱ्या बाटलीवर फिरकीचें झाकण असेल तर तेथेंच प्रश्न मिटतो. जॉनी वॉकरच्या तांबड्या व काळ्या लेबलांचीं नांवें १९०९ पासूनचीं. बाटली उभी ठेवावी लागते. आडवी ठेवली तर तीव्र मद्यार्क बूच खातो. सूर्यप्रकाशापासूनहि ती दूर ठेवावी लागते. खरेदीची पावती आणि करपट्टी जपावी लागते. आणि रिकामी बाटली भंगारवाल्यास देण्यापूर्वीं तिचें लेबल खरवडून काढणें हें शहाणपणाचें. कारण मान्यवर नांवाची रिकामी बाटली, धड लेबल व धड झाकण हाच भेसळ करणाऱ्याचा कच्चा माल आहे.

पण नांदेड-लातूरच्या संग्राहकापुढें ह्याहून मोठी अडचण आहे ती कायद्याची. परवाना असला तरी जवळ बाळगण्यास बारा एककांची मर्यादा आहे, आणि स्पिरिटच्या जातीच्या मद्यासाठीं एक एकक म्हणजे ढोबळमानानें एक बाटली. विक्रीच्या परवान्यावांचून ती विकतां येत नाहीं. म्हणजे ३,३८४ बाटल्यांचा संग्रह ब्राझीलमध्यें कौतुकाचा विषय होतो, तर गोदाकांठीं तो फौजदारी खटल्याचा विषय होईल. येथें बाटलीस भांडवल समजून पैसा गुंतविणाऱ्यानें हें आधींच ओळखावें कीं, ज्या वस्तूस उघड बाजार नाहीं तिचा भाव हा केवळ ऐकीव भाव असतो. परदेशांतून येणाऱ्या प्रौढ प्रवाशास दोन लिटर मद्य जकातीवांचून आणतां येतें. बहुतेक घरांतील कपाटांची मजल तेवढीच असते, आणि कदाचित् तेवढीच असणें बरें.

इतिहासाच्या दृष्टीनें मात्र त्या कपाटांतील एकच बाटली पुरेशी बोलकी आहे. तिच्यावरील प्रत्येक शब्दामागें एक कायदा आहे, प्रत्येक पट्टीमागें एक खजिना आहे. ज्या मोहाच्या दारूस अशी पट्टी कधीं मिळाली नाहीं, तिच्या फुलांची साठवण व वाहतूक यांवरील निर्बंध महाराष्ट्र शासनानें २०२१ सालीं उठविले. फुलें वेचणारी बाई आतां तीं निर्भयपणें बाजारांत नेऊं शकते. परंतु गोंडाच्या घरच्या भट्टीस जॉर्ज स्मिथसारखा परवाना मिळण्यास दोनशें वर्षें पुरलीं नाहींत, हेंहि तितकेंच खरें.

आणि ‘जीवनजल’ ह्या शब्दाविषयीं. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून पाण्यानें भरलेली आगगाडी लातुरास पोंचली. दहा टाक्यांत सुमारें पांच लक्ष लिटर पिण्याचें पाणी होतें. त्याच महिन्यांत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठानें मराठवाड्यांतील मद्याच्या कारखान्यांचें पाणी निम्म्यानें तोडण्याचा हुकूम दिला. बार्शीच्या छोट्या गाडीचे अरुंद रूळ तोंपर्यंत निघून गेले होते, आणि त्याच वाटेवर घातलेल्या रुंद रुळांवरून, कुर्डुवाडी-बार्शी ओलांडून, ही गाडी आली. एके काळीं ह्या मार्गानें येणाऱ्या पेटीस नाक्यावर थांबावें लागे. त्या दिवशीं आलेल्या मालावर जकात नव्हती, करपट्टी नव्हती, वर्षांचा आंकडा नव्हता. आणि लातूरच्या माणसानें तो जपून ठेवण्याचा एकच प्रकार जाणला, तो म्हणजे घागरींतील थेंबहि सांडूं न देणें.